गवतमायेचा भारा

फार फार वर्षांपूर्वीची गोष्ट. मोहबांधच्या तलावाला तेव्हा पाळ होती, पण पाळीवर डांबरी रस्ता नव्हता. पाळीवर मोहाची झाडं होती, पण झाडांना पाट्या ठोकलेल्या नव्हत्या. आणि गवतमाय अजून देवी झाली नव्हती. तेव्हा ती भागरता नावाची एक ढिवरीण होती, सुकरू ढिवराची बायको, आणि तिला पोवना नावाची दोन वर्षांची मुलगी होती. देवी होण्याआधी माणसाला काय काय सोसावं लागतं, हे नारळ फोडणारे कधी विचारत नाहीत. तुम्ही ऐकायला बसलाच आहात, तर ऐका.

तलाव केवढा मोठा! या काठावरून मारलेली हाक त्या काठाला पोचेपर्यंत म्हातारी होते, असं म्हणतात. पाच गावांचं धान त्याच्या पाण्यावर पिकायचं. जुना रिवाज असा होता, की पाणी शेतकऱ्यांचं आणि मासोळी ढिवरांची. पाळीच्या टोकाला ढिवरांची एकोणीस घरं होती. ती जागा त्यांना कुणी लिहून दिलेली नव्हती, नुसता शब्द होता: जोवर तलावात मासोळी, तोवर ढिवरांचं ठिकाण. वर्षाची पहिली मासोळी निघाली की ढिवर साऱ्या गावाला रस्सा-भात जेवू घालायचे. गाव बोटं चाटत घरी जायचं आणि शब्द पुढच्या वर्षापुरता पक्का व्हायचा.

उदेभान पाटील हा गावचा मालगुजार. माणूस वाईट नव्हता, आणि तेच तर दुःख आहे. वाईट माणसाला शिव्या घालून मोकळं होता येतं. उदेभान धानाचा पक्का शेतकरी होता. त्याच्या बांधीत धानाखेरीज एक काडी उभी दिसायची नाही. निंदणीच्या दिवसांत तो स्वतः बायांच्या मागून चालायचा आणि त्यांच्या नजरेतून सुटलेलं तण वेचायचा. त्याच्या मुलीच्या लग्नाची बोलणी चालली होती, तेव्हा होणारे व्याही पाळीवर फिरायला आले. तलावात कडेकडेने चिला आणि गाद ही पाणगवतं माजली होती, रानभातासारखं देवधान कंबरेइतकं उभं होतं, आणि जिच्यावरून भागरताने लेकीचं नाव ठेवलं त्या पोवना वेलीची गोल पानं पाण्यावर अंथरलेली होती. व्याह्यांनी मिशीवरून हात फिरवला आणि म्हणाले, "पाटील, हा तलाव हाय का चराईचं रान? ढोरं सोडली तं पोट भरून येतीन."

एवढं एक वाक्य. ते उदेभानाला इतकं झोंबलं की त्या दिवशी तो जेवला नाही. दुसऱ्या दिवशी त्याने दवंडी पिटवली, लग्नाआधी तलाव निंदून काढा.

तलाव निंदायचा, हे खूळ धान पिकवणाऱ्यालाच सुचू शकतं. जे पेरलं नाही ते तण, आणि तण दिसलं की उपटायचं, हे त्याच्या हातांना लहानपणापासून ठाऊक. गावालाही त्यात काही वावगं वाटलं नाही. चैत्रात पाणी उतरलं तशी पाच गावं विळे घेऊन तलावात शिरली. बाया निंदणीची गाणी म्हणत होत्या. ढिवरही उतरले. निदान त्यांनी तरी थांबायला हवं होतं. पण गवतात जाळी अडकते, फाटते, ती पुन्हा विणता विणता बोटं सोलून निघतात. गवत गेलं तर बरंच, असं त्यांनाही वाटलं. आणि पाटलाने सांगून ठेवलं होतं, जिचा भारा सगळ्यांत मोठा तिला लग्नात लाल काठाचं लुगडं.

भागरता हाताची चपळ आणि लुगड्याची हौस असलेली. एकवीस दिवस तिने मान वर केली नाही. शेवटच्या दिवशी सगळ्यांत मोठा भारा तिचाच झाला. तो पाळीवर चढवायला चार गडी लागले, असं म्हणतात. पाळीवर सोमा आजा बसला होता. ढिवरांमधला सगळ्यांत म्हातारा, डोळे गेलेले. त्याने भाऱ्यात हात घातला, गवत चाचपलं, बोटं नाकाशी नेली. गवताला माशांची अंडी चिकटलेली होती.

"पोट्टेहो," तो म्हणाला, "तुमी माशायचं घर उपटून रायले."

"आजा, मासे पान्यात रायतेत, घरात नाई," भागरता म्हणाली, आणि सगळी पाळ खदखदून हसली. हसणाऱ्यांत सगळ्यांत मोठा आवाज तिचाच होता. हे पुढे बाकीचे विसरले. ती विसरली नाही.

लग्न थाटात झालं. तलाव घासलेल्या परातीसारखा लखलखत होता, व्याह्यांनी दोनदा तोंड भरून कौतुक केलं, आणि भागरताला लाल काठाचं लुगडं मिळालं. त्या वर्षी जाळी तुटेपर्यंत मासोळी निघाली. निघणारच. बिचाऱ्या माशांना लपायला जागाच उरली नव्हती. गाव म्हणालं, पाटलाचा हात लागला आणि तलावाचं सोनं झालं. दुसऱ्या वर्षी जाळी अर्धी भरली. तिसऱ्या वर्षी दिवसभर जाळं टाकून दोन झिंगे आणि चिखल. लाटांना अडवायला काठाला गवत नव्हतं, त्या थेट पाळीवर आपटायच्या आणि पाळीची माती खायच्या. पाणी गढूळ झालं. सारस पक्ष्यांची जोडी पोवनाचे कांदे उकरायला यायची, तीही आली नाही.

चौथ्या वर्षी ढिवरांना गावजेवण घालता आलं नाही. गावातून कुणी भांडायला आलं नाही, कुणी हाकलून दिलं नाही. नुसतं एवढंच झालं, की विहिरीवर ढिवरांच्या बाया आल्या की गावच्या बाया गप्प व्हायच्या. माणसाला हाकलायला एवढं पुरतं. एकेक घर उठलं. कुणी दगडखाणीवर गेलं, कुणी रस्त्याच्या कामावर. सुकरूनेही गाठोडं बांधलं.

"चाल, भागरता. इथं रायून का माती खावाची?"

"तुमी व्हा पुढं. पोवनाले सांभाळा. मरळ दिसली का निरोप धाडीन."

"मरळ? कुठून येईन आता मरळ?"

"मी उपटलं, मीच लावीन," ती म्हणाली.

सुकरूला वाटलं बाईचं डोकं फिरलं. पोवनाने आईच्या पदराचं टोक मुठीत धरलं होतं. भागरताने तिची बोटं एकेक करून सोडवली. आईने लेकीची बोटं सोडवावीत, यापरतं वाईट काम नसेल. पण तिला वाटत होतं, दोन वर्षांचा प्रश्न आहे. तलाव भरेल, घर भरेल, पोवना परत येईल. तिला बाकी काही नको होतं. देवी व्हायचं तर नव्हतंच नव्हतं.

पाळीच्या टोकाला मग दोनच माणसं उरली, भागरता आणि आंधळा सोमा आजा. आजाने तिला एका शब्दाने टोचलं नाही. जंगलाकडच्या लहान लहान बोड्यांमध्ये, म्हणजे तळ्यांमध्ये, जिथे कुणा पाटलाचे व्याही फिरकले नव्हते, तिथे जुनं गवत शिल्लक होतं. भागरता पहाटे निघायची, तीन कोस चालायची, ओलं गवत मुळांसकट लाल काठाच्या लुगड्यात बांधून डोक्यावर आणायची. आजा बोटांनी चाचपून सांगायचा: हा चिला, याच्यात मासा अंडी घालतो. ही गाद, हिने पाणी निवळतं. हे देवधान, हे पाखरांचं. हा पोवनाचा कांदा, हा खोल लाव. ती धानाचा रोवणा करावा तसा तलावाच्या मऊ गाळात रांगेने रोवणा करायची. लाटांनी जुडी उपटू नये म्हणून लुगड्याच्या काठाची चिंधी फाडून ती जुडीला बांधायची आणि चिंधीला एक खडा. असं करता करता ते बक्षिसाचं लुगडं संपलं.

गावाला करमणूक झाली. ज्या तलावातून पाच गावांनी मिळून तण काढलं, त्यात ही बाई तण पेरते! पाळीवरून जाणारे थांबायचे आणि ओरडायचे, "ए गवतबाई, पीक कसं हाय?" तेच नाव पडलं. पाटलाची माणसं येऊन रांगा उपटून टाकायची, ती पुन्हा लावायची. ढोरं चरून जायची, ती बांबूचं कुंपण घालायची. पूर यायचा आणि कुंपणासकट सगळं घेऊन जायचा. ती पुन्हा तीन कोस चालायची. पोटाला काय खायची कुणास ठाऊक. पाळीवरची मोहफुलं आणि लोकांची टवाळी, असं म्हणतात.

पाचव्या वर्षी सारसाची जोडी परत आली. एक या रांगेच्या टोकाला, एक त्या टोकाला उभा राहायचा आणि उपटायला येणाऱ्याच्या अंगावर पंख पसरून धावायचा, असं म्हणतात. सारस पहारा देतात की नाही, हे जाणत्यांनी सांगावं. माणसांनी दिला नाही, एवढं मात्र नक्की.

अकराव्या वर्षी, श्रावणात, भागरता कंबरभर पाण्यात उभी होती. देवधानाच्या मधल्या मोकळ्या जागेत पाणी फुटलं. तिने पाहिलं तर तांबूस पिलांचा एक झुबका वर आला, दम घेतला आणि खाली गेला. त्यांच्या खाली काळी पाठ हलली. मरळ होती, पिलं घेऊन. भागरता तशीच पाण्यात बसली आणि गळ्यापर्यंतच्या पाण्यात ओक्साबोक्शी रडली. मग ओंजळभर चिला घेऊन धावत आजाकडे गेली. आजाने तो नाकाशी धरला, "आता घरात मासे हायेत," म्हणाला आणि त्याच संध्याकाळी गेला. तो तेवढ्यासाठीच थांबला होता, असं म्हणतात.

बांगड्या विकायला गावोगाव फिरणाऱ्या कासाराबरोबर भागरताने खाणीवर निरोप धाडला: मरळ दिसली, या.

चार महिन्यांनी पोवना आली. एकटी, काखेत तान्हं मूल. सोळा वर्षांची पोर, पण हात दगड फोडणाऱ्या बाईचे. सुकरू खाणीवरच खोकून खोकून गेला होता. त्यालाही तीन वर्षं होऊन गेली होती, आणि पोवनाचं लग्न खाणीवरच्या माणसाशी झालं होतं. भागरताने सगळं ऐकून घेतलं. मग ती उठली, स्वतः जाळं टाकलं, मासोळी आणली, रस्सा केला आणि अकरा वर्षांनी लेकीला ताट वाढलं. दुसऱ्याच घासाला पोवनाच्या घशात काटा अडकला. ढिवराच्या लेकीच्या घशात काटा! भागरता तिच्या पाठीवर थापट्या मारत राहिली.

"माय, मले सवय नाई रायली," डोळे पुसत पोवना म्हणाली. आणि जरा वेळाने म्हणाली, "इथं येऊन आमी का करावं? जाळं कसं टाकतेत, हेबी मले येत नाई."

तिसऱ्या दिवशी ती गेली. पदर धरायला या वेळी कुणी नव्हतं. भागरता पाळीवर उभी राहून बघत होती, आणि तिच्या मागे तलाव माशांनी भरलेला होता.

यापुढे तिने तलाव सोडून जायला हवा होता. कुणीही गेलं असतं. पण दुसऱ्या दिवशी ती पुन्हा गाळात उतरली. का उतरली, हे सांगणाऱ्यांनी कधी सांगितलं नाही. कदाचित तिला दुसरं काही करताच येत नव्हतं.

आता गंमत ऐका. गवताने पाणी निवळलं, तलाव पुन्हा नितळ झाला. आणि नितळ पाण्यात तेच गवत गावाच्या डोळ्यांत खुपायला लागलं. उदेभान पाटील म्हातारा झाला होता. त्याच्या नातीचं लग्न ठरलं. त्याला आपला जुना पराक्रम आठवला आणि पुन्हा दवंडी पिटली गेली, लग्नाआधी तलाव निंदून काढा.

भागरता आयुष्यात पहिल्यांदा आणि शेवटची चावडीवर गेली. पाच गावांची माणसं बसलेली. तिने पदर खोचला आणि म्हणाली, "मागच्या वेळी सगळ्यात मोठा भारा माजा होता. आजा सांगत होता, मी हासली. मासोळी गेली, मानसं गेली, माजी पोर गेली. आता तुमी नोका उपटू."

चावडी जराशी चुळबुळली. उदेभान पाटलाने तिच्याकडे निरखून पाहिलं. त्याला ती आठवली, आणि खरंच मायेने तो म्हणाला, "अवं, तू तं लुगडंवाली! तुले यंदाबी देतो लुगडं. म्हातारी झाली, आता घरी बस."

लोक हसले. तिच्या एका हसण्याची परतफेड गावाने अशी कितीदा केली असेल!

ठरल्या दिवशी सकाळी पाच गावं विळे घेऊन आली, तेव्हा भागरता तिच्या पहिल्या रांगेत छातीभर पाण्यात उभी होती. "माज्यापासून सुरू करा," ती म्हणाली. सकाळच्या वेळी बाईशी कोण वाद घालणार? लोकांनी तोंड फिरवलं आणि दुसऱ्या टोकापासून निंदायला सुरुवात केली. बाया गाणी म्हणत होत्या. ऊन चढलं, कलंडलं. निंदत निंदत लोक तिच्या रांगेपाशी आले तेव्हा ती तिथे नव्हती. तिला पाण्याबाहेर येताना कुणी पाहिलं नव्हतं, आणि बुडताना तर कुणी पाहिलं नव्हतंच. शेजारी उभं असलेल्या माणसाकडे आपण कितीसं पाहतो?

एका बाईने तिथल्या गवताला हात घातला. ते हलेना. चार जणींनी ओढलं तेव्हा जुडी निघाली, आणि तिच्या मुळाशी लाल काठाची चिंधी बांधलेली होती. दुसरी जुडी उपटली, तिलाही चिंधी. तिसरीला, दहावीला, शंभरावीला. एका लुगड्याच्या काठात एवढ्या चिंध्या निघत नाहीत, हे बायांना सांगावं लागत नाही. मग कुणीतरी पाळीवर टाकलेले सकाळपासूनचे भारे उचकून पाहिले. ज्या टोकाला भागरताने कधी काही लावलंच नव्हतं, तिथल्याही प्रत्येक जुडीला चिंधी होती. विळे तिथेच टाकून लोक पळाले, असं म्हणतात. उरलेला अर्धा तलाव तसाच राहिला. जे तिच्या बोलण्याने झालं नाही, ते भीतीने झालं.

मासोळीसाठी पाण्यात उतरायला मग कुणी धजेना, म्हणून गावाने खाणीवरच्या ढिवरांना बोलावणं पाठवलं. पुन्हा जागा दिली, पुन्हा शब्द दिला. सात घरं परत आली. पोवना आली नाही. आणि गवतबाईची गवतमाय झाली. टवाळीचं नाव देवीला चालतं, नुसती दोन अक्षरं बदलायची. पाटलाने स्वतः पाळीवर दगड बसवला, शेंदूर लावला आणि दगडाला लाल काठाचं लुगडं नेसवलं. तेवढं एक त्याला जमत होतं.

आज तुम्ही मोहबांधला गेलात तर दगडावर देऊळ दिसेल, देवळाला फरशी दिसेल. दर चैत्रात तिथे गवतमाय तलाव महोत्सव भरतो. मांडव असतो, माईक असतो, एकाच रंगाच्या टोप्या असतात. पाहुणे येतात, वारसा आणि संवर्धन यांवर बोलतात. गवतमायेने हा तलाव कसा स्वच्छ ठेवला, ते सांगतात. आणि मग तिच्या नावाचा जयजयकार करून सगळे हातमोजे घालतात, पाण्यात उतरतात आणि देवळासमोरचं गवत उपटतात. देवळाचं प्रतिबिंब पाण्यात नीट दिसायला हवं ना! ज्या गटाचा ढीग सगळ्यांत मोठा, त्या गटाला बक्षीस असतं. यातलं एक अक्षर पदरचं नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी मांडव सुटत असतो, तेव्हा ढिवरवाड्यातल्या अकरा बाया पाळीवर येतात. त्यांच्यात भागरताच्या रक्ताची एकही नाही. त्या ढीग उपसतात, मुळं ओली असलेलं गवत निवडतात, जुड्या बांधतात, जुडीला चिंधी, चिंधीला खडा. चिला कुठे, गाद कुठे, पोवनाचा कांदा किती खोल, हे त्यांना बोटांनी कळतं. त्यांचा फोटो कुणी काढत नाही. नारळ नाही, आरती नाही. पाण्यात पहिलं पाऊल टाकण्याआधी प्रत्येकीने एक वाक्य म्हणायचं, एवढाच विधी. म्हातारी म्हणते, सून म्हणते, यंदाच लग्न होऊन आलेली आणि आयुष्यात गवताची काडी न उपटलेली नवी नवरीही म्हणते.

"सगळ्यात मोठा भारा माजा होता."

आणि मग ती वाकते आणि रोवणा सुरू करते. महोत्सवात हे वाक्य अजून कुणी म्हटलेलं नाही.